टोमॅटो प्युरीची बाटली का फुगते, का तडकते, का काळी पडते? आणि कोणती बाटली फेकूनच द्यायची

नारायणगाव (ता. जुन्नर) : टोमॅटोचा भाव कधी कुठे जाईल याचा नेम नाही. जुलै 2023 मध्ये किलोला शंभरी पार केलेला टोमॅटो त्याच वर्षी सप्टेंबरात घाऊक बाजारात पाच रुपयांच्या आसपास आला होता, हे कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी 20 किलोचं कॅरेट बाजारात नेऊन तोडणी, गाडीभाडं, हमाली, आडत वजा जाता हातात काय राहतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मग घरातून आवाज येतो, दोन-चार कॅरेट घरीच ठेवा, प्युरी करून बाटल्या भरून ठेवू. बचत गटाच्या महिलाही सीझनला हेच काम घेतात.

बाटल्या भरल्या जातात, त्या दिवशी छान लालभडक दिसतात. पंधरा दिवसांनी फडताळ उघडलं की कुणाचं झाकण फुगलेलं, कुणाच्या बाटलीत खाली पाणी वर गर, कुणाच्या गळ्याशी काळं कडं. मग सगळ्यांचं एकच म्हणणं, "टोमॅटोच खराब होता." दर वेळी तसं नसतं. बाटली काय झाली यावरून चूक कुठल्या पायरीवर झाली ते बऱ्यापैकी ओळखता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यातल्या काही बाटल्या नुसत्या दिसायला वाईट असतात, खायला चालतात. आणि काही दिसायला बऱ्या असूनही जिवावर बेतू शकतात. हा फरक घरात प्रत्येकाला माहीत पाहिजे.

आधी पद्धत थोडक्यात

इथे बोलतोय ते साध्या प्युरीबद्दल. म्हणजे टोमॅटो शिजवून, गाळून, आटवून काचेच्या बाटलीत भरलेला गर. कांदा नाही, लसूण नाही, तेल नाही.

बाटल्या आणि झाकणं धुऊन गरम पाण्यात ठेवायची. उकळती प्युरी गरम बाटलीत भरायची. अर्ध्या लिटरच्या बाटलीला मापाचा पाव छोटा चमचा (चमचा 5 मिलीचा), एक लिटरला अर्धा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. वर अर्धा इंच जागा मोकळी सोडायची. बाटलीचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसून झाकण लावायचं. मग मोठ्या पातेल्यात झाकणाच्या वर एक-दोन इंच पाणी राहील अशा बेताने बाटल्या बुडवून उकळायच्या. आपला भाग समुद्रसपाटीपासून 600 ते 700 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त धरायची. अर्ध्या लिटरला 40 मिनिटं, एक लिटरला 45. हा वेळ पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मोजायचा, गॅस पेटवल्यापासून नाही. एक लिटरपेक्षा मोठी बाटली घेऊच नये, तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोचत नाही.

झाकण फुगलं, उघडताना फस्स आवाज आला

ही सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात गंभीर अडचण. फुगणं म्हणजे आत गॅस, आणि गॅस म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे. बहुतेक वेळा ते यीस्ट किंवा आंबवणारे जंतू असतात. ते भरल्यानंतरच्या उकळीत मरायला पाहिजे होते. "प्युरी तर उकळून भरली होती की," असं सगळे म्हणतात. पण भरताना हवा लागते, झाकणाच्या आतली बाजू, बाटलीचा गळा, गाळणी, हात, सगळीकडून जंतू परत येतात. म्हणून भरल्यानंतरची उकळी लागतेच. बाटली उलटी करून ठेवायची पद्धत काही जणी वापरतात. त्याने झाकणाला चटका बसतो एवढंच, त्या 40 मिनिटांचं काम त्याने होत नाही.

आता आंबटपणाचं बघू. टोमॅटो आंबट असतो म्हणून तो टिकतो, असं आपण धरून चालतो. पण टोमॅटो सीमारेषेवरचं फळ आहे. सामू 4.6 च्या खाली असेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू आत वाढत नाही. टोमॅटोचा सामू साधारण 4.1 ते 4.6 च्या दरम्यान फिरतो, आणि फळ जास्त पिकलं की वर सरकतो. हा जंतू मातीतला. त्याचे बीजाणू साध्या उकळीत मरत नाहीत, हवा नसलेल्या बंद बाटलीत मात्र त्यांना घर सापडतं. ते जे विष तयार करतात ते अगदी थोडं पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो. आणि दर वेळी वास येतोच, झाकण फुगतंच असंही नाही. म्हणून लिंबूसत्त्व टाकायचं ते चवीसाठी नाही. चव जास्त आंबट वाटली तर भाजी करताना चिमूटभर साखर घाला, पण बाटलीतलं लिंबूसत्त्व कमी करू नका. घरच्या लिंबाचा रस चालेल का, असं विचारतात. लिंबाचा आंबटपणा झाडागणिक, पाण्यागणिक बदलतो, मोजून मापून टाकता येत नाही. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं, तेच बरं.

आपल्याकडे इथेच खरी गडबड होते. प्युरीला कोणता माल येतो? पहिले चांगले तोडे बाजारात जातात. करप्याने झाडं वाळायला लागली, पानं गेली, की शेवटच्या तोड्याचा माल घरी येतो. मेलेल्या, वाळलेल्या झाडावरच्या फळात आंबटपणा कमी असतो. अशी फळं बाटलीत भरायची नाहीत, हा नियम जगभर पाळला जातो. तीच गोष्ट तडकलेल्या, बुरशी लागलेल्या फळांची. सडका भाग कापून उरलेला घेतला तरी बुरशीने आजूबाजूचा आंबटपणा कमी केलेला असतो. शेवटचा तोडा त्याच दिवशीच्या भाजीला, चटणीला वापरा, बाटलीला नको.

सामू तपासायचा असेल तर आपल्या भागात अनेकांकडे फवारणीच्या पाण्यासाठी घेतलेलं पेनासारखं पीएच मीटर असतं. मीटर तसंच चालतं, पण औषधाच्या टाकीत बुडवलेलं मीटर प्युरीत बुडवायचं नाही, एवढं कृपा करून लक्षात ठेवा. स्वयंपाकाला वेगळं घ्या, 4 सामूच्या द्रावणात आधी जुळवून घ्या, आणि प्युरी वाटीत काढून, गार करून तपासा. 4.3 च्या आत आला तर निश्चिंत.

दुसरी चूक लोणच्यावरून येते. लोणच्यावर तेलाचा थर देतात, तसा काही घरांत प्युरीवरही देतात. लोणच्यात मीठ भरपूर असतं, आंबटपणा असतो, म्हणून तिथे ते चालतं. प्युरीवर तेल घातलं की हवा बंद होते आणि ज्या जंतूला हवा नकोच आहे त्याची सोयच होते. तयार ग्रेव्हीचंही तसंच आहे. कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची घातली की सामू वर जातो आणि वरचे 40 मिनिटांचे हिशेब लागू राहत नाहीत. गटाला ग्रेव्ही विकायची असेल तर ती फ्रीजरमध्ये ठेवायचा माल समजा, फडताळात ठेवायचा नाही.

फुगलेली बाटली दिसली तर चाखून बघू नका. बोटानेही नाही. वरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरतात तेही नको, कारण बुरशीने वरच्या थराचा आंबटपणा खाल्लेला असतो. आणि आपल्या सवयीप्रमाणे "वाया कशाला घालवायचं" म्हणून म्हशीच्या पाटीत किंवा कोंबड्यांपुढे टाकू नका. जनावरांना, कोंबड्यांनाही हे विष बाधतं. खड्डा करून पुरून टाका. बाटली परत वापरायची असेल तर अर्धा तास पाण्यात उकळून, मग धुवा. झाकण फेकून द्या.

खाण्यात आलंच आणि त्यानंतर दिवस-दीड दिवसात कुणाला एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, गिळता येईना, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना बाटलीतलं काय खाल्लं ते सांगा. असे प्रसंग दुर्मिळ असतात, पण तिथे वेळ महत्त्वाची असते.

झाकण सपाट, वास मात्र आंबूस

गॅस न करता आंबवणारे जंतूही असतात, तेही मातीतून येतात. जमिनीला टेकलेली फळं, न धुता एकत्र टाकलेलं कॅरेट हे त्याचं मूळ. फळं वाहत्या पाण्यात दोनदा धुवायची. आणि बाटल्या कुठे ठेवता ते बघा. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या बाटल्या एप्रिल-मेमध्ये अक्षरशः तापत असतात, उष्णतेत वाढणाऱ्या जंतूंना ते आयतंच. खालच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आंबूस वास आला की ही बाटलीही फेकायचीच.

बाटली तडकली

गार बाटलीत उकळती प्युरी ओतली की काच आतून फुगते, बाहेरून नाही, आणि तळ सुटून येतो. प्युरी अंगावर आली तर भाजतं ते वेगळंच, घट्ट असल्याने ती त्वचेला चिकटून बसते. म्हणून बाटली गरम पाण्यातून काढून लगेच भरायची, आणि लहान मुलांना त्या वेळी चुलीपासून लांब ठेवायचं.

पातेल्याच्या तळाशी बाटली थेट टेकवू नये. जाड फडकं घडी करून घाला किंवा लाकडी फळ्यांची चौकट करून टाका. उकळीत बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये मध्ये फडकी घाला. बाहेर काढल्यावर बहुतेक बाटल्या कुठे जातात, तर शहाबादी फरशीवर. फरशी गार, बाटली उकळती, झालं काम. गोणपाट किंवा जुनी चादर घालून त्यावर ठेवायच्या, पंखा बंद, दाराची झुळूक लागू द्यायची नाही, बाटल्यांमध्ये दोन बोटं अंतर. तारेच्या घासणीने घासलेल्या जुन्या बाटल्यांवर बारीक ओरखडे असतात, त्या पहिल्या जातात.

खाली पाणी, वर गर

ही बाटली खायला चालते. हलवून घ्या आणि वापरा. पण विकायची असेल तर गिऱ्हाईक म्हणतं पाणी घातलंय, आणि समजावून सांगून त्याला पटत नाही.

कारण बहुतेक वेळा एकच असतं, कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढून मग शिजवायला घेणे. टोमॅटोत पेक्टिन असतं, ते प्युरीला धरून ठेवतं. फळ कापलं, वाटलं की फळातलेच पाचक रस पेक्टिन तोडायला लागतात. वाटण अर्धा तास परातीत पडून राहिलं तर प्युरी सुटलीच समजा. हे रस 80-85 अंशांच्या वर लवकर नेलं तर थांबतात. म्हणून पातेलं आधी तापवा, त्यात पाच-सहा टोमॅटो चिरून टाका, रवीने किंवा मॅशरने दाबा, रस सुटून उकळी आली की बाकीचे थोडे थोडे चिरत टाकत जा, उकळी मोडू देऊ नका. एकीने चिरायचं, दुसरीने टाकायचं. सगळं मऊ झालं की पुरणयंत्रातून किंवा स्टीलच्या चाळणीतून काढा. साल-बिया वर राहतात. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, हवा मिसळून फेस होतो आणि रंगही फिका नारिंगी दिसतो, तेवढा त्रासही वाचतो.

किती आटवायचं? आपल्या टोमॅटोत विद्राव्य घटक साधारण साडेचार टक्के धरा. प्युरी म्हणून विकायला ते किमान 9 टक्के लागतात. म्हणजे रस निम्म्यावर यायला हवा. 20 किलोच्या कॅरेटातून साल-बिया जाता 16-17 लिटर रस निघाला तर हातात 8 लिटरच्या आसपास प्युरी. गॅस, बाटली, मजुरी धरून मगच भाव ठरवा. यातून पडलेल्या भावाचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर पटण्यासारखं नाही. पण घरचं वर्षभराचं भागतं आणि गटाला चार पैसे मिळतात.

रंग गेला, काळी पडली

लोखंडी कढई आणि पितळेचं पातेलं टोमॅटोला चालत नाही. जर्मनच्या पातेल्यातही जास्त वेळ आटवू नका, आंबट रसात तो धातू उतरतो. स्टीलचं पातेलं घ्या, रुंद तोंडाचं, म्हणजे लवकर आटतं. तासन्‌तास मंद आचेवर ठेवली की प्युरी तपकिरी होणारच.

सॉसच्या बाटलीत गळ्याशी काळं कडं येतं ते वेगळं. झाकणाच्या पत्र्यातलं लोखंड आंबटात उतरतं, लवंग-दालचिनीतल्या तुरट द्रव्याशी मिळतं आणि वरच्या हवेने काळं पडतं. आतला थर खरवडलेली झाकणं वापरू नका, लवंगेची टोपी काढून मगच ती मसाल्याच्या पुरचुंडीत घाला, आणि गळ्याशी जास्त हवा राहू देऊ नका.

मुळात फळच फिकं असेल तर प्युरी लाल होत नाही. कडक उन्हाळ्यात, तापमान फार वाढलं की फळात लाल रंग भरत नाही, पिवळट-नारिंगीवर थांबतं. 2020 च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात ज्याला लोक 'तिरंगा' म्हणत होते त्या विषाणूजन्य रोगातही फळं अशीच पट्ट्यापट्ट्याची निघाली होती. अशा मालात रंग टाकून लाल करायच्या भानगडीत पडू नका.

पातळी खाली गेली, झाकण दबलं नाही

उकळताना आच कमी-जास्त झाली, बाटली काठोकाठ भरली, किंवा गॅस बंद केल्या केल्या बाटली बाहेर ओढली, तर रस बाहेर येतो. गॅस बंद करून पाच मिनिटं पाण्यातच राहू द्या. पातळी थोडी उतरली आणि झाकण नीट बसलेलं असेल तर बाटली चांगली आहे, उघडून परत भरू नका.

झाकण बसलं का ते दुसऱ्या दिवशी बघायचं. फिरकीच्या झाकणाचा मधला भाग किंचित आत गेलेला हवा, दाबल्यावर टिकटिक वाजता कामा नये. क्राऊन झाकणात हे कळत नाही, त्या बाटल्या आडव्या करून गळतात का बघा. बसलं नसेल तर 24 तासांच्या आत नवीन झाकण लावून पूर्ण वेळ परत उकळा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. लोणच्याच्या, जॅमच्या जुन्या बरण्यांची झाकणं इथे दगा देतात. आतल्या रबरी कड्यावर जुन्या काचेचा वण पडलेला असतो, तो दुसऱ्या तोंडावर जुळत नाही. बरणी जुनी चालेल, झाकण नवंच पाहिजे. आणि गार झाल्यावर झाकण परत आवळू नका, बसलेली सील तुटते.

कुकर आणि बेन्झोएट

"कुकरला चार शिट्ट्या दिल्या तर?" हा प्रश्न हमखास येतो. घरच्या कुकरात शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो, बाटलीतला रस उसळून झाकणातून बाहेर येतो, कधी बाटलीच फुटते. शिवाय घरगुती कुकरात बाटलीला किती वेळ द्यायचा याचे तपासलेले आकडे नाहीत. मोठा कुकर असेल तर झाकण न लावता पातेलं म्हणून वापरा.

सोडियम बेन्झोएट टाकलं की उकळायची गरज नाही, हाही गैरसमज. ते आंबट मालात वाढ रोखतं, खराब माल चांगला करत नाही. सॉसमध्ये त्याची मर्यादा बेन्झोइक ॲसिडच्या हिशेबाने किलोमागे 750 मिलिग्रॅम आहे. ते चिमटीने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोजून, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, शेवटी ढवळत घालायचं. घरच्यासाठी पूर्ण उकळी दिलेल्या प्युरीत त्याची गरजच नाही.

विकायची असेल तर

एफएसएसएआयची नोंदणी लागते, ओळखीत विकली तरी लागते. बाटलीवर भरल्याची तारीख आणि घाण्याचा नंबर लिहा, म्हणजे एक बाटली बिघडली तर कोणत्या दिवसाचा माल परत बोलवायचा ते कळतं. शंका असेल तर नारायणगावच्या किंवा आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

आणि माल लगेच गिऱ्हाइकाला देऊ नका. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या बाजूला काढून घरातल्या सगळ्यात गरम जागी पंधरा दिवस ठेवा. झाकण फुगलं, गळलं किंवा वर फेस आला तर तो अख्खा घाणा थांबवा. दोन्ही जशाच्या तशा राहिल्या तर बाकीच्या बाटल्या पुसून लेबल लावायला घ्या.